काजू-बी विकली, आता मागे उरलेल्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या गावी परत आलो. वडिलांनी लावलेली काजूची १२० झाडं, ३५ माड, ६० पोफळी आणि कुंपणाकडेचे १५ रातांबे (कोकमाची झाडं) आहेत. काजू-बी व्यापाऱ्याला जाते, नारळ सोलून विकतो, आई सोलं (आमसुलं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करते. बोंडू (काजूचं फळ), सोडणं (नारळावरची काथ्याची सालं), रातांब्याच्या बिया, विरी (पोफळीच्या झावळीचा बुडाकडचा रुंद भाग) हे सगळं कुजतं किंवा जाळलं जातं. यातून काही उभं करायचं आहे. सगळ्यात जास्त बोंडू वाया जातो, म्हणून त्याच्या सिरपपासून सुरुवात करावी असं वाटतं. बरोबर आहे का?"

मी गेली २६ वर्षं कोकम आणि काजू प्रक्रियेत आहे. सुरुवात मीही बोंडूपासूनच केली होती, म्हणून आधीच सांगते: पहिल्या वर्षी बोंडूला हात लावू नका. तुमचा पहिला माल रातांब्याच्या बिया. कारण पुढे येईलच, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. मागे काय उरतं, हे आपण माल कोणत्या टप्प्यावर विकतो त्यावर ठरतं. तुम्ही काजू-बी अख्खी विकता, म्हणजे टरफल, त्यातलं तेल, गरावरची तांबडी साल हे सगळं बीबरोबरच गेलं. ते आता व्यापाऱ्याचं, तुमच्याकडे राहिला फक्त बोंडू. नारळ सोलून विकता, म्हणजे सोडण तुमचं आणि करवंटी गिऱ्हाइकाची. सोलं मात्र घरी घालता, म्हणून बी घरात राहते. लोक "काजूच्या टरफलाचं तेल काढू", "करवंटीचा कोळसा करू" असं बोलतात आणि त्यांच्या खळ्यात ना टरफल असतं ना करवंटी.

आता बोंडूचा हिशेब मांडू. झाडामागे सरासरी ८ किलो बी धरली तर तुमच्या १२० झाडांची साडेनऊशे किलोच्या आसपास होते. बोंडू वजनाने बीच्या सहा-सात पट, कधी त्याहून जास्त. म्हणजे हंगामाला सहा टनांच्या पुढे. हंगाम साठ-सत्तर दिवसांचा, तेव्हा रोजचे सरासरी शंभर किलो, आणि ऐन एप्रिलात त्याच्या दुप्पट. खाली पडलेला बोंडू त्या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. संध्याकाळीच त्याला आंबूस वास सुटतो आणि माश्या घोंघावायला लागतात. म्हणजे पहाटे वेचणं, बी पिळून वेगळी करणं, धुणं, रस काढणं, गाळणं, तापवणं आणि बाटल्या भरणं हे सगळं त्याच दिवशी. शंभर किलोंतून साठेक लिटर रस निघतो. त्याच दिवसांत बी वाळवायची असते, आंबा उतरवायचा असतो, आणि मजूर मिळत नाहीत ते वेगळंच.

रस काढला तरी पुढची अडचण तुरटपणाची. बोंडूत टॅनिन असतं, त्यानेच घसा खवखवतो. ते काढायला साबुदाण्याचा उपयोग होतो: साबुदाण्याचं पीठ लिटरमागे ५ ग्रॅम या प्रमाणात थोड्या पाण्यात शिजवायचं, थंड करून रसात ढवळायचं आणि रस बारा तास स्थिर ठेवायचा. टॅनिन साक्यासारखं खाली बसतं, वरचा निवळ रस अलगद काढून घ्यायचा. हे जमलं की बोंडूचा रस खरोखर सुरेख लागतो. 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असतं, हीही त्याची मोठी बाजू. पण सिरप टिकवायचं तर साखरेचं मोजमाप काटेकोर हवं. माझ्याकडे पहिल्या वर्षी साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नव्हता. मी चवीवर साखर घातली. सिरपला ६५ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम साखर, लागतं, माझं पन्नाशीच्या वर जेमतेम गेलं असावं. मेअखेर पडवीत रचलेल्या बाटल्यांची झाकणं एकामागून एक उडाली आणि तीनशे बाटल्या परसात ओताव्या लागल्या. ती साखर उधारीची होती. त्या उन्हाळ्यानंतर तीन वर्षं मी बोंडूकडे वळले नाही.

तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात बोंडूला मोल आहे, कारण तिथे बोंडूच्या रसापासून उर्राक आणि फेणी ही दारू गाळण्याची जुनी, परवान्याची परंपरा आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते बघून इकडे कोणी हौसेने भट्टी लावायचा विचार करतो. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. बोंडू करायचाच तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि वाडीतल्या पाच-सहा बागायतदारांनी मिळून एकच रस काढायचं यंत्र, एकच भांडी आणि एकच बाटलीबंद करायची जागा ठरवून. तोवर बोंडू शेणात आणि पालापाचोळ्यात मिसळून खड्ड्यात घाला. नुसत्या बोंडूचा ढीग आंबट होऊन तसाच पडून राहतो. एक थर बोंडू, एक थर सुका पाला, वर शेणकाला असं केलं की पावसाळा संपेपर्यंत चांगलं खत होतं. गुरांना थोडा चालतो, पण आंबलेल्या बोंडूच्या ढिगावर गाय सोडू नका. पोट बिघडून जनावर बसतं.

आता रातांबा, कारण खरं काम इथे आहे.

तुमच्या १५ झाडांपैकी फळणारी किती, ते आधी मोजा. बियांपासून आलेल्या रातांब्यात साधारण निम्मी झाडं नर निघतात. फुलतात पण फळत नाहीत. आठ झाडं फळणारी धरली आणि झाडाला साठेक किलो उतरला, तर पाचशे किलोंच्या आसपास रातांबा मिळतो. (नवी झाडं लावायची झाली तर बी रुजवू नका, कलमं घ्या. दापोलीच्या विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती आहेत. कलम मादी झाडाचंच असतं, त्यामुळे दहा वर्षं वाट बघून नर झाड निघालं, असं होत नाही.) तुमच्या आई सोलं घालतात म्हणजे फळ चिरून साल वेगळी करतात, गराच्या रसात मीठ घालून सालीला पुट देतात, वाळवतात, पुन्हा पुट देतात. रस उरला तर त्याचं आगळ. शेवटी टोपलीत राहतात त्या पांढऱ्या गराने माखलेल्या बिया. त्याच बहुतेक घरी माडाच्या बुंध्यात टाकतात.

त्या बियांत चरबी असते. वाळलेल्या बीच्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा, आणि टरफल काढलेल्या आतल्या गराच्या चाळीस टक्क्यांच्या वर. आपण तिला कोकम तेल किंवा मुठेल म्हणतो, गोव्यात भिरंडेल. तेल म्हणायचं ते सवयीने, कारण ती साधारण ३९-४० अंशांखाली घट्टच राहते. मे महिन्याच्या दुपारीही मुठेलाचा गोळा वितळत नाही, आणि टाचेवर चोळला की अंगाच्या उबेने मऊ होऊन भेगेत मुरतो. आमच्या घरात थंडीत पायाला, ओठांना, लहान मुलांच्या गालांना दुसरं काही लावल्याचं मला आठवत नाही.

हा गुण जगाला माहीत आहे. ही चरबी मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची आहे, रचनेने कोकोच्या चरबीजवळची आणि वितळायला तिच्याहून थोडी जड. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटात कोकोच्या चरबीखेरीज जास्तीत जास्त ५ टक्के चालतील अशा सहा वनस्पती-चरबी ठरवल्या, त्यात साल वृक्षाच्या आणि शिआच्या चरबीबरोबर कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीची चरबीही आहे. साबण, क्रीम, लिप बाम करणारे तर कोकम बटर नाव घेऊनच विचारतात. आपण ते माडाच्या बुंध्यात टाकतो, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

करायचं कसं? सगळं यश पहिल्या दोन दिवसांत आहे. बियांवरचा गर गोड असतो, तो रात्रीत आंबतो. म्हणून फळं फोडली त्याच दिवशी बिया रोवळीत घालून वाहत्या पाण्याखाली हाताने चोळायच्या. बोटाला चिकट लागेनाशा झाल्या पाहिजेत. मग खळ्यात चटईवर किंवा जाळीवर एकाच थरात पसरायच्या, दिवसातून दोनदा हलवायच्या आणि सूर्य मावळायच्या आत आत घ्यायच्या. दवात राहिल्या तर दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरतात. चांगलं ऊन असेल तर सहा-सात दिवस लागतात. मूठभर बिया कानाजवळ हलवून बघा: आतला गर सुटून खुळखुळला की वाळल्या. वळीव आला तर झाकणं-उघडणं करत बसू नका. रातांब्याचा हंगाम अर्धा पावसाच्या तोंडावरच येतो, तेव्हा प्लास्टिकचं छप्पर घातलेला साधा वाळवणी मांडव पहिल्याच वर्षी उभा करा. तुमच्या सगळ्या खर्चातला तो सगळ्यात उपयोगी खर्च ठरेल. सोलंही त्यातच वाळतील, आणि पुढे आंब्याची पोळीसुद्धा.

माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी गावातल्या बायकांकडून बिया गोळा केल्या आणि वाहन मिळेना म्हणून तीन दिवस पोत्यांत ठेवल्या. वरून त्या कोरड्या दिसत होत्या. चाळीस किलो चरबी काढून पुण्याच्या एका खरेदीदाराला पाठवली, ती त्याने परत केली. त्यातलं मुक्त आम्लाचं प्रमाण वाढलं होतं आणि खवट वास होता. ओलसर बी ढिगात तापली की चरबी आतल्या आत तुटायला लागते आणि नंतर कितीही गाळा, ते परत येत नाही. वाहतुकीचा आणि काढणीचा सगळा खर्च अंगावर आला. तेव्हापासून गोणीत हात घालून आतली ऊब बघितल्याशिवाय मी बी घेत नाही.

बी वाळली की घाई संपली, आणि हेच तिचं बोंडूहून वेगळेपण. टरफलासकट कोरड्या पिंपात ती पावसाळाभर राहते. लावणी आटोपून हात मोकळे झाले की फोडायला घ्यायची. टरफल ठेचून पाखडायचं, गर बारीक वाटायचा, पाणी घालून मोठ्या पातेल्यात मंद आचेवर उकळायचा. चरबी वर तरंगते. रात्रभर पातेलं न हलवता ठेवलं की सकाळी पांढरट पिवळी वडी पाण्यावर जमलेली असते. ती काढून पुन्हा पातळ करायची, फडक्यातून गाळायची, पाण्याचा अंश उडेपर्यंत आच द्यायची. तडतड थांबली की पाणी गेलं. पूर्वी ती मुठीत दाबून गोळे करायचे. मी ती करवंटीत ओतते, थंड झाली की अलगद सुटते. उरलेली पेंड माडाला घाला.

तुमच्या पाचशे किलो रातांब्यांतून माझ्या अंदाजाने पन्नासेक किलो वाळलेली बी येईल आणि हाताने केलेली चरबी आठ ते दहा किलो. घाण्यावर थोडी जास्त निघते. आकडा लहान वाटेल. पण यात नासाडी नाही, बाटल्या नाहीत, साखर नाही, आणि शेजारच्या दहा घरांतल्या बियाही अशाच फुकट जातात. त्यांना पैसे देऊन धुतलेली, वाळलेली बी घ्या. ओली घेऊ नका, भाव जास्त द्या पण वाळलेलीच घ्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलं की मूळ ठिकाण सांगून विकता येतं. चरबी खाण्यासाठी विकणार असाल तर अन्न परवाना लागतो, अंगाला लावण्यासाठी म्हणून विकणार असाल तर सौंदर्यप्रसाधनांचे नियम लागू होतात. दोन्ही एकाच लेबलवर लिहू नका.

माडाच्या सोडणांचं उत्तर सोपं आहे, आणि तुम्हाला ते कदाचित आवडणार नाही: विकू नका. माडाला ७० नारळ धरले तर ३५ माडांची अडीच हजारांच्या आसपास सोडणं होतात. काथ्याच्या कारखान्याला ती दोन दिवस पुरणार नाहीत, शिवाय वाहतूक सोडणापेक्षा महाग पडते कारण गाडी हवेनेच भरते. त्याऐवजी माडापासून दोन मीटरवर गोल चर खणा आणि सोडणं आतली पोकळ बाजू वर करून थरांनी पुरा, वर माती. माडाला शंभर सोडणं धरली तर तुमचे चोवीस माड एका वर्षात होतात. सोडण स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट पाणी धरून ठेवतं आणि त्यात पालाश असतं, जे आपल्या जांभ्या जमिनीतून एवढ्या पावसात वाहून जातं. एकदा पुरलं की पाच-सहा वर्षं काम करतं. मार्चनंतर विहीर आटते तेव्हा त्या माडांची झावळं बघा, फरक दिसेल. सोडणं जाळणं मात्र आजच थांबवा.

करवंटीच्या कोळशाबद्दल अनेक जण विचारतात म्हणून एवढंच: हजार अख्ख्या करवंट्यांतून ३०-३५ किलो कोळसा निघतो. तो पुढे पाणी गाळायच्या यंत्रांतल्या सक्रिय कार्बनला जातो आणि मागणी खरी आहे, पण एका घराच्या करवंट्यांनी काहीच होत नाही. खोबरेल काढणाऱ्या गिरणीचा तो उद्योग आहे. काथ्याचा भुसा मात्र रोपवाटिकेसाठी विकत घ्यायला हरकत नाही. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा असेल तर दोन-तीनदा धुऊन मगच वापरा, नाहीतर मिठाने कलमं करपतात.

विरी: साठ पोफळींच्या वर्षाला साडेतीनशे-चारशे पडतील. पत्रावळीच्या यंत्राएवढा हा माल नाही. पडल्या-पडल्या उचलून, पुसून, सावलीत सरळ रचून वाळवा आणि जवळच्या यंत्रवाल्याला द्या. पावसात पडलेली काळी विरी कोणी घेत नाही.

टरफलाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दोन वर्षांत काजू घरीच फोडायचा विचार येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. बीच्या वजनात गर पाव हिस्सा ते तीस टक्के. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ सारख्या जातींत तीस-एकतीसपर्यंत जातो. उरलेलं बहुतेक टरफलच. म्हणजे तुमच्या बीतून सहाशे किलोंच्या वर टरफल निघेल. त्याच्या पोकळ जाळीत काळपट, चिकट तेल असतं, टरफलाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. बिब्ब्याच्या आणि आंब्याच्याच कुळातलं झाड असल्यामुळे ते तेल बिब्ब्यासारखंच कातडी जाळतं. त्यातलं अॅनाकार्डिक आम्ल तापवल्यावर कार्डेनॉल होतं, आणि त्यापासून ब्रेकची अस्तरं, रंग, रेझिन बनतात. बी वाफेवर उकडून फोडली तर तेल टरफलातच राहतं आणि टरफल तेल काढणाऱ्याला विकता येतं. ढोलात भाजली तर बरंचसं जळून जातं. फोडायची पद्धत निवडताना हे लक्षात घ्या. जुन्या लोकांनी हे तेल होड्यांना आणि घराच्या वाशांना वाळवीसाठी लावलं, आमच्या मांगराच्या (बागेतल्या घराच्या) मेढी अजून उभ्या आहेत त्या त्याच्यामुळेच. पण टरफल चुलीत घालू नका. त्याचा धूर डोळ्यांना आणि छातीला लागतो, आणि घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. फोडणाऱ्या बायकांना हातमोजे द्या. हाताला राख किंवा तेल चोळून काम भागवायचं, हे आमच्या आधीच्या पिढीच्या बोटांवर दिसतं.

आंबा तुमच्या यादीत नाही, पण कुंपणाला रायवळाचं झाड असेल तर जूनमध्ये कोयी टाकू नका. त्या रोपवाटिकांना कलमांच्या खुंटासाठी लागतात. रुजण्याची ताकद मात्र महिनाभरही नीट टिकत नाही, म्हणून कोय धुऊन, सावलीत पाणी निथळवून आठवड्याच्या आत पोचवायची. उन्हात वाळवलेली कोय रोपवाटिकेला उपयोगाची नाही.

तर या मे महिन्यासाठी: मांडवाला बांबू आणि प्लास्टिक एप्रिलमध्येच आणून ठेवा. आई सोलं घालायला बसल्या की बियांसाठी वेगळी रोवळी त्यांच्या शेजारी ठेवा आणि धुण्याचं काम त्याच संध्याकाळी स्वतः करा. श्रावणात दहा किलो गर फोडून पहिलं पातेलं चढवा. जमलेली वडी नाकाशी धरा: वास जवळजवळ नसायला हवा, आणि रंग फिकट पिवळा. तसं झालं तर पुढच्या वर्षी वाडीतल्या बिया घ्यायचं ठरवा. खवट वास आला तर कुठल्या दिवशी कुठल्या गोणीत बी ओली राहिली, ते आधी शोधा.